"या हो, उचलून घेऊ" म्हणाले, तर पुढे काय विचारायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हीच ठरवा. आई ७१ वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. आता धरलं की उभ्या राहतात, चार-पाच पावलं टाकतात, बाकी सगळं व्हीलचेअरवर. त्याआधी पुण्यात नवं नाटक लागलं आणि आईंनी पाहिलं नाही, असं क्वचितच व्हायचं. त्यांना पुन्हा एकदा नाटकाला न्यायचं तुमच्या मनात आहे. नाट्यगृहात फोन केलात, तर पलीकडून उत्तर आलं, "या हो, काळजी करू नका, पोरं आहेत, उचलून घेऊ." आणि आता तुम्ही विचारताय, कुठलं नाट्यगृह बरं, तिकीट कुठलं काढू, आणि कायदा याबद्दल काय म्हणतो?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पक्षाघात आणि मणक्याच्या दुखापतीनंतर माणसांना रोजच्या जगण्यात परत आणायचं, हे काम गेली २२ वर्षं करतेय. त्याच्याही आधी कॉलेजात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेसाठी तीन वर्षं बॅकस्टेज केलं, त्यामुळे नाट्यगृहाची मागची बाजूही बऱ्यापैकी ठाऊक आहे. इथे दोन्ही कामाला येईल.

अमुक नाट्यगृहात जा, असं नाव घेऊन मी सांगणार नाही. टाळाटाळ करतेय असं वाटेल, पण कारण आहे. आपली मोठी नाट्यगृहं बांधली गेली तेव्हा व्हीलचेअर आत कशी येईल हा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता. पुण्याचं बालगंधर्व १९६८ सालचं, ठाण्याचं गडकरी १९७८ चं; आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आपल्याकडचा पहिला कायदा आला १९९५ मध्ये. त्यानंतर जे रॅम्प, लिफ्ट वगैरे झालं ते ठिगळ लावल्यासारखं, जिथे जागा सापडली तिथे. त्यामुळे आजची स्थिती उद्या तशीच असेल याचा भरवसा नाही. मी स्वतः खात्री करून पेशंटला पाठवलं आणि त्या रविवारी रॅम्पवर ओळीने दुचाक्या लावलेल्या, असं झालंय. लिफ्ट आहे पण लिफ्टमन जेवायला गेलाय, हेही झालंय. म्हणून कुठल्याही नाट्यगृहाला लागू पडेल अशी पाहणी कशी करायची ते सांगते.

आधी त्या "उचलून घेऊ"बद्दल. म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं, यात शंका नाही. पण त्याच्या त्या वाक्याचा अर्थ एवढाच की आमच्याकडे सोय नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझे एक पेशंट, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मणक्याच्या दुखापतीनंतर पहिल्यांदाच नाटकाला निघाले होते. दारात सहा पायऱ्या. चार तरुण मुलं धावत आली आणि मी काही सांगायच्या आत खुर्ची उचललीसुद्धा. दोघांनी हातांच्या दांड्या धरल्या होत्या. त्या खुर्चीच्या दांड्या काढता-घालता येणाऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर एक दांडी निघून त्या मुलाच्या हातात आली. मी मागून हँडल धरलेलं होतं म्हणून काका पडले नाहीत. नाटक पाहिलं, हसलेसुद्धा. पण त्यानंतर कधीही नाटकाला आले नाहीत. बॅकस्टेजची मुलं लेव्हल (सेटचे लाकडी चौथरे) आणि फ्लॅट (सेटच्या भिंती) उचलण्यात तरबेज असतात. लेव्हलला मात्र भीती वाटत नाही आणि चार लोकांसमोर हवेत लटकताना लाजही वाटत नाही. तेव्हा उचलण्याबद्दल आधी आईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर तो विषय तिथेच संपतो.

फोनवर "व्हीलचेअर येते का?" असं विचारू नका. त्याला उत्तर नेहमी "हो"च मिळतं. मोजून सांगावं लागेल असं विचारा. फाटकापासून प्रेक्षागृहाच्या दारापर्यंत पायऱ्या किती? आत दारापासून खुर्च्यांपर्यंत उतार आहे की पायऱ्या? बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारात उंबरा किंवा पायरी आहे का? बाजूचे दरवाजे प्रयोगाच्या वेळी उघडे असतात की कुलूपबंद, आणि किल्ली कुणाकडे? चौथ्या प्रश्नाला फोनवरचा माणूस थबकतो. पण त्यातच खरी गंमत आहे.

नाट्यगृहाची जमीन मागून पुढे उतरत जाते, मागच्यांना दिसावं म्हणून. म्हणजे मुख्य दरवाजा आणि लॉबी सगळ्यात उंचावर, आणि तिथे चढायला भपकेदार पायऱ्या. तोच उतार उतरत आपण पुढच्या रांगांशी येतो तेव्हा कित्येक ठिकाणी जवळजवळ बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर आलेलो असतो. आणि तिथे बाजूला संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा असतो. लोकांना समोरच्या बारा पायऱ्या दिसतात आणि ते परत फिरतात. बाजूने गेलं तर एक उंबरा, फार तर दोन पायऱ्या. सगळीकडे असं नसतं, वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षागृहात तर नाहीच. पण पुणे-मुंबईबाहेरच्या गावांतल्या नाट्यगृहांतही मला हा बाजूचा दरवाजा अनेकदा उपयोगी पडलाय. कुणीतरी असंही सुचवेल की सेट उतरवायच्या दारातून घ्या. तिथे टेम्पो थेट लागतो हे खरं, पण ते दार उघडतं रंगमंचावर, आणि रंगमंचावरून प्रेक्षागृहात उतरायला पुन्हा अरुंद जिना. त्या नादी लागू नका.

फोन झाला की प्रत्यक्ष जाऊन या, आईंना न घेता. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, रिकामी खुर्ची आणि मोजपट्टी घेऊन. आणि त्या खुर्चीत बायकोला किंवा भावाला बसवून एकदा गाडीपासून रांगेपर्यंत, तिथून स्वच्छतागृहापर्यंत आणि परत असे ढकलत न्या. कागदावर काढलेल्या यादीपेक्षा ही दहा मिनिटं जास्त सांगून जातात. १८ इंची सीटची साधी घडीची खुर्ची चाकांसकट साधारण २५ ते २७ इंच रुंद भरते. चाकं स्वतः हाताने फिरवणाऱ्याची बोटं वेगळी. स्वच्छतागृहाचं दार २४ इंचांचं असेल तर बाकी कितीही सोयी असोत, त्या टप्प्यावर सगळं अडतं. बाजारात मागची चाकंही लहान असलेली, सोबत्याने ढकलायची हलकी खुर्ची मिळते, ती दोन-चार इंच अरुंद असते. एका दिवसासाठी भाड्यानेही मिळते. मात्र लहान चाकांना उंबरा आणि खड्डे जड जातात, पायऱ्यांवर तर ती कामाचीच नाही. काय आडवं येतंय, दार की पायरी, त्यावर खुर्ची ठरवा.

रॅम्प दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. नियमाचं माप १:१२, म्हणजे एक फूट चढायला १२ फूट लांबी. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्यांना १८ फुटी रॅम्प लागतो. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर सहा फुटांचा टाइल लावलेला रॅम्प सर्रास दिसतो, आणि त्यावर पाणी सांडलेलं असेल तर तो घसरगुंडी असतो. असा रॅम्प चढताना दोन माणसं हवीत. उतरताना खुर्ची उलटी करा: आईंची पाठ उताराकडे, आणि तुम्ही खालच्या बाजूला उलट चालत. सरळ उतरवली तर त्या पुढे झुकून पडू शकतात, डाव्या बाजूला जोर नसताना तर नक्कीच.

आता समजा दोन-तीन पायऱ्या आहेतच आणि आई हो म्हणाल्या. एखाद्या मजल्याच्या जिन्यासाठी हे करू नका. पण तीन पायऱ्यांसाठी पद्धत अशी. चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे. ब्रेक सोडलेले. सगळ्यात ताकदवान माणूस मागे, म्हणजे वरच्या पायरीवर, दोन्ही हँडल धरून खुर्ची मागे कलवतो आणि मोठी चाकं एकेक पायरी फिरवत वर ओढतो. दुसरा खाली, पुढची चौकट धरून आधार देतो. चौकट म्हणजे न निघणारा, वेल्ड केलेला भाग. हाताच्या दांड्या नाहीत, पाय ठेवायच्या पट्ट्या नाहीत. उतरताना आईंचं तोंड खालच्या बाजूला, खुर्ची तशीच मागे कललेली, ताकदवान माणूस वर. चाक पायरीला टेकलेलं राहतं, त्यामुळे हे उचलणं नसून गडगडवणं आहे, आणि म्हणूनच कमी धोक्याचं. ६० किलोंचं माणूस आणि १६-१७ किलोंची खुर्ची. हवेत उचलायचं तर चौघांचं एकाच वेळी पाऊल पडायला हवं. ते पडत नाही. घरी इमारतीच्या पायरीवर रिकाम्या खुर्चीने दहा वेळा करून बघा, मगच आईंना बसवा.

आत पोचल्यावरचा खरा निर्णय हा की आई व्हीलचेअरमध्येच बसून नाटक बघणार की नाट्यगृहाच्या खुर्चीत. हे माणसागणिक बदलतं. ज्यांना अजिबात उभं राहता येत नाही त्यांना मी व्हीलचेअरमध्येच ठेवते. मग जागा उरतात दोन. पहिल्या रांगेच्या पुढे, जिथे मान वर करून दोन तास बघावं लागतं आणि स्पीकर कानाशी. किंवा शेवटच्या रांगेमागे, जिथे मध्येच कुणी दार उघडतं आणि लॉबीचा उजेड येतो. तरी मी मागची निवडीन, मानेसाठी. पॅसेजमध्ये खुर्ची ठेवायला डोअरकीपर नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे. आग लागली तर बाकीच्यांनी पळायचं कुठून?

तुमच्या आई धरून उभ्या राहतात, चार पावलं टाकतात. मग मी त्यांना नाट्यगृहाच्या खुर्चीत बसवायच्या बाजूने आहे. सगळ्यांसारखं, रांगेत, तुमच्या शेजारी. पण कुठल्या खुर्चीत, याला महत्त्व आहे.

त्याआधी एक गोष्ट तपासा. जेवताना आईंच्या पानातली डावी बाजू तशीच राहते का? चटणी, कोशिंबीर, लिंबू वाढलेलं आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, डावीकडून कुणी बोललं तर उजवीकडे शोधतात, असं होतं का? मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या बऱ्याच जणांना डावीकडचं भानच राहत नाही. नजर शाबूत असते, पण लक्ष तिकडे जात नाही. असं असेल आणि तुम्ही त्यांना प्रेक्षागृहाच्या उजव्या टोकाला बसवलंत, तर सगळा रंगमंच त्यांच्या डावीकडे येणार. अर्धं नाटक त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि घरी येऊन त्या म्हणतील, मजा नाही आली. त्यांना रंगमंचाकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला जो खुर्च्यांचा भाग असतो तिथे बसवा, म्हणजे रंगमंच उजवीकडे पडेल.

त्या डाव्या भागातली पॅसेजलगतची शेवटची खुर्ची घ्या. म्हणजे पॅसेज आईंच्या उजव्या हाताला. आत जाताना त्यांना डावीकडे एक पाऊल टाकून रांगेत शिरावं लागेल, कमजोर पायाने, ते जरा अवघड. पण बाहेर पडताना पहिलं पाऊल उजव्या, चांगल्या पायाचं. अवघड काम त्या ताज्यातवान्या असताना व्हावं आणि दोन तास बसून पाय आखडल्यावर सोपं उरावं, हा माझा हिशोब. माझ्याच क्षेत्रातले काही जण उलट सांगतील, की आत जाताना गर्दी असते म्हणून तेव्हा सोपं हवं. गर्दीचा बंदोबस्त करता येतो, आखडलेल्या पायाचा नाही.

बसवताना: व्हीलचेअर रांगेच्या तोंडाशी, दोन्ही ब्रेक लावलेले, पायपट्ट्या वर. उतारामुळे खुर्ची पुढे ओढ घेते, म्हणून एक जण खुर्ची मागून धरून. दुसरा आईंच्या समोर, कमरेला बांधलेला पट्टा धरून. पट्टा म्हणजे रुंद जाड कापडी पट्टा. आमच्याकडे त्यासाठीचा वेगळा मिळतो, पण मजबूत बांधता येईल असा साधाही चालतो. काखेत हात घालून ओढू नका आणि डावा हात तर ओढूच नका, पक्षाघातानंतर तो खांदा सैल झालेला असतो, सांधा सरकू शकतो. उभ्या राहिल्या की उजव्या हाताने पुढच्या रांगेच्या खुर्चीची पाठ धरू द्या. नाट्यगृहात याच्याइतका पक्का कठडा दुसरा नाही. मग एक पाऊल, आणि बसणं. इथे एक सापळा आहे: नाट्यगृहाची सीट आपोआप वर उचलली जाते. बसायच्या क्षणी कुणीतरी ती हाताने खाली दाबून धरलेली असली पाहिजे. माझ्या एका पेशंट मावशी अशाच सीट नसलेल्या जागी बसल्या होत्या. नशिबाने मांडी माझीच मध्ये आली.

बसल्यावर डाव्या हाताखाली छोटी उशी, पावलं जमिनीला टेकलेली, पावलाचा स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) वापरत असतील तर तो बुटासकट तसाच. व्हीलचेअरमधली गादी इथे सीटवर घ्या, दोन तास एका जागी म्हणजे कातडीवर ताण येतो. दर अर्ध्या तासाने त्यांना उजवीकडे, मग पुढे जरा झुकायला सांगा. शाल असू द्या. वातानुकूलन जोरात असलं की ताठलेले स्नायू आणखी ताठतात, मध्यंतरात उठवताना त्याचा प्रत्यय येतो. आणि साडी नेसणार असतील तर पदर आणि निऱ्या चाकापासून लांब. चाकात अडकलेला पदर मी दोनदा कात्रीने कापलाय.

रिकामी व्हीलचेअर घडी करून डोअरकीपरकडे द्या, नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद अडकवून. कुठे ठेवली ते बघून या. प्रयोग संपल्यावर खुर्ची सापडत नाही, हा अनुभव फार वाईट.

तिकिटाचं म्हणाल तर ऑनलाइन काढायची घाई नको. बुकमायशो असो की तिकिटालय, पडद्यावरच्या नकाशात चौकोन दिसतात. उतार, पायरी, बाजूचा दरवाजा दिसत नाही. प्लॅन उघडतो, म्हणजे बुकिंग सुरू होतं, त्या सकाळी खिडकीवर जा, बुकिंगवाल्यांना परिस्थिती सांगा. वर्षानुवर्षं तिथे बसलेल्या माणसाला कुठल्या रांगेपुढे जागा जास्त आहे, कुठल्या खुर्चीचा हात मोडलाय, सगळं पाठ असतं. सातवी ते दहावी रांग, बाजूच्या दाराजवळची, अशी मागा. तीन तिकिटं काढा, दोन नव्हे. आई, तुम्ही आणि एक बाई.

ती बाई का, तर स्वच्छतागृह. मुलगे हा मुद्दा नेहमी विसरतात. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहात तुम्ही जाऊ शकत नाही, आणि तिथल्या बायकांना "जरा धरा हो" म्हणायची वेळ आईंवर येऊ नये. बायको, बहीण, आईंना सांभाळणाऱ्या मावशी, कुणीही, पण त्यांना उठवायची-बसवायची सवय असलेली. मध्यंतराच्या रांगेत उभं राहणं त्यांना झेपणार नाही, म्हणून पडदा उघडण्याआधी एकदा, आणि लागलंच तर मध्यंतर व्हायच्या पाच मिनिटं आधी निघायचं. कमोड नसेल, जागा अरुंद असेल तर त्या दिवसापुरता डायपर हा शहाणपणाचा उपाय आहे. तो विषय आईंशी एकट्यात आणि तुमच्यापेक्षा बायकोने काढलेला बरा. पाणी तोडू नका. "लघवी लागेल म्हणून सकाळपासून पाणी प्यायले नाही" असं म्हणत चक्कर येऊन पडलेल्या बायका मी पाहिल्यात. रक्तदाबाच्या गोळीने लघवी जास्त होत असेल तर त्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे करता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बदलू नका.

प्रयोग कुठला? रविवारी साडेपाचचा हाऊसफुल्ल प्रयोग पहिल्या वेळी नको. त्याआधीचं नाटक उशिरा संपतं, सेट निघतो, दुसरा लागतो, आणि प्रेक्षक आत सोडतात तेव्हा तिसऱ्या घंटेला दहा मिनिटं उरलेली असतात. दुपारचा किंवा आठवड्यातल्या दिवसाचा प्रयोग घ्या, आणि व्यवस्थापकांना सांगून ठेवा की बाकीच्यांच्या दहा मिनिटं आधी आम्हाला आत सोडा. माझ्या अनुभवात याला कुणी नाही म्हणत नाही, फक्त ऐन वेळी गर्दीत मागितलं की म्हणतात. निघतानाही सगळ्यात शेवटी. आईंना झटक्यानंतर कधी फिट आली असेल तर नाटकात लखलखणारे दिवे आहेत का ते निर्मात्यांच्या माणसाला आधी विचारून घ्या.

गाडी स्वतःची असेल तर चालकाशेजारची सीट चांगली. व्हीलचेअर गाडीच्या तोंडाच्या दिशेने लावली की सीट आईंच्या उजव्या बाजूला येते. उतरताना कमजोर बाजूने उतरावं लागतं, तेव्हा दोघं हवेत. टॅक्सी बोलावणार असाल तर डिकीत सीएनजीची टाकी आहे का हे आधी विचारा. टाकी असली की घडी केलेली खुर्चीही मावत नाही, आणि मग ती मांडीवर घेऊन बसावं लागतं.

कायद्याबद्दलही तुम्ही विचारलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्याच्या कलम ४५ प्रमाणे आधी बांधलेल्या सार्वजनिक इमारतीही, नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत, वापरण्याजोग्या करायच्या होत्या. नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरण्याजोग्या व्हाव्यात म्हणून राजीव रतुरी यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना म्हटलं की नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, किमान गोष्टी सक्तीच्या करा. तेव्हा महापालिकेच्या नाट्यगृहात सोय मागताना तुम्ही उपकार मागत नाही. पाहणीला गेलात की मोजमापं लिहून घ्या, फोटो काढा, आणि महापालिकेला लेखी द्या. प्रत पुण्यातल्याच दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. "सोय नाही" असं मोघम न लिहिता "दाराची रुंदी इतकी, पायरीची उंची इतकी" असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. मी अशी पत्रं दिली आहेत. दोन ठिकाणी स्वच्छतागृहात कठडे लागले, एका ठिकाणाहून अजून काही नाही. पण हे सगळं आपल्या गतीने चालणार. तुमचं नाटक त्यासाठी अडवून ठेवू नका.

अजून एक, फार कुणी सांगत नाही म्हणून. पक्षाघातानंतर काहींना रडू किंवा हसू आवरत नाही. विनोदी प्रसंगातही घळघळा रडू येतं, दोन मिनिटांनी आपोआप थांबतं. त्या वेळी मनात दुःख असतंच असं नाही, मेंदूचा लगाम सैल झालेला असतो. अंधारात असं झालं तर घाबरून त्यांना बाहेर काढू नका. हात धरा, रुमाल द्या, आणि नजर रंगमंचाकडे. शेजारच्या माणसाला काही समजावत बसायची गरज नाही, मराठी नाटकाच्या प्रेक्षागृहात रडणारी बाई कुणाला नवीन नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खूप थकलेल्या असतील, झोप जास्त लागेल. त्या दिवशी फिजिओथेरपीला सुट्टी. आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी नाट्यगृहात पुन्हा एक फोन करा: लिफ्ट असेल तर चालू आहे का, नसेल तर बाजूच्या दाराची किल्ली उद्या कुणाकडे असेल, आणि त्या माणसाचा नंबर.